कॅप पांढरीशुभ्र, आत दात कुजलेला

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देत मी घरी बसलो होतो. तेवढ्यात माझी थोरली बहीण आक्का आली आणि दारातच तिने पदराची गाठ सोडून माझ्यापुढे धरली. मला वाटले दात पडला. नीट पाहिले तर तो दात नव्हता, दातावर बसवतात ती पांढरी कॅप होती.

"भाऊ, पंधरा दिसाखाली एकदा निघाली होती. पोरानं चिकटवून दिली. आज भाकरी खाताना पुन्हा निघाली बघ. दुखत म्हणावं तर कायबी नव्हतं."

आक्का शाळेत मुलांची खिचडी शिजवते. चार वर्षांपूर्वी वरच्या दाढेचे रूट कॅनॉल करून तिने ही कॅप बसवून घेतली होती. त्यासाठी भिशीचे पैसे उचलले होते. मुलीच्या कानातले करायचे ठरले होते, ते त्या वर्षी राहून गेले. आणि निघालेली कॅप तिच्या मुलाने कशाने चिकटवली, तर किराणा दुकानात मिळणाऱ्या झटपट चिकटणाऱ्या छोट्या नळीने!

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला करमाळ्यातल्याच दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी कॅप हातात घेऊन भिंगातून पाहिली, मग आक्काचे तोंड तपासले आणि आरसा तिच्या हाती दिला. म्हणाल्या, "मावशी, कॅप चांगली आहे हो. आत दातच राहिला नाही."

कॅपला तडा नव्हता, टवका उडाला नव्हता, रंगही उतरला नव्हता. मात्र तिच्याखालची दाढ काळी पडून हिरडीच्या आतपर्यंत मऊ झाली होती. चार वर्षे आक्का आरशात पांढरी दाढ पाहत होती आणि आतून दात झिजत होता. हे कसे झाले? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेब जुळेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हणून बाईंना प्रश्न विचारले, मिळेल तेथून वाचले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण आज आपल्या घराघरांतून कॅप बसवलेली माणसे आहेत आणि त्यासाठी कष्टाचा पैसा गेलेला आहे.

कॅप टिकते कशावर?

दात फार किडला, तुटला किंवा त्याचे रूट कॅनॉल झाले की तो कमकुवत होतो. अशा दाताला डॉक्टर चोहोबाजूंनी घासून लहान करतात, त्याचे माप घेतात आणि त्या मापाची टोपी प्रयोगशाळेत तयार होते. ती कधी संपूर्ण धातूची असते, कधी धातूवर सिरॅमिकचा थर दिलेली, कधी संपूर्ण सिरॅमिकची. ती दातावर बसवताना मध्ये जो पातळ पदार्थ घालतात त्याला सिमेंट म्हणतात.

आपला समज असा, की कॅप सिमेंटच्या जोरावर चिकटून बसते. तो अर्धाच खरा आहे. पुष्कळसे काम दाताच्या आकाराने होते. घासलेला दात पुरेसा उंच असला आणि त्याच्या बाजू बऱ्यापैकी उभ्या असल्या, तर कॅप डब्यावर झाकण बसावे तशी घट्ट बसते. दात फार आखूड किंवा फार निमुळता राहिला तर कॅप सहज निसटते. अशा वेळी सिमेंटवर सारा भार येतो.

सिमेंटचे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे काम म्हणजे कॅपची कड व दात यांमधली फट बुजवणे. ही फट नीट बुजली नाही तर लाळ, अन्नाचा अंश आणि जंतू आत शिरतात. जंतू साखर व पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. दाताच्या वरच्या कठीण एनॅमलला हे आम्ल विरघळवते, पण कॅपसाठी घासलेल्या दातावर पुष्कळ ठिकाणी एनॅमल उरलेलेच नसते. आतला डेंटिन नावाचा भाग उघडा पडलेला असतो आणि तो एनॅमलपेक्षा सौम्य आम्लानेही विरघळू लागतो.

मग दुखत का नाही? कारण रूट कॅनॉलमध्ये दाताची नस काढून टाकलेली असते. घंटाच काढली, तर धोक्याची सूचना देणार कोण? आक्काला चार वर्षे काही दुखले नाही, याचे कारण हेच.

केसाएवढी फट

आमचे वडील गवंडीकाम करीत. घडीव दगड एकमेकाला नीट भिडले तर सांध्यात माल थोडा लागतो आणि भिंत टिकते, असे ते सांगत. दगड ओबडधोबड घेऊन सांध्यात मालाचा लगदा भरणाऱ्या गवंड्यावर त्यांचा राग असे. पहिल्या पावसात वाहून जातो तो सांध्यातला माल, दगड नव्हे. दाताच्या कॅपचेही नेमके असेच आहे.

एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. १९७१ साली मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दोन संशोधकांनी पाच वर्षांत हजारावर कॅप व तत्सम कामे तपासून असा निष्कर्ष मांडला, की कॅपच्या कडेची फट १२० मायक्रॉनपर्यंत असली तर ती चालण्याजोगी मानावी. जगभरचे दंतवैद्यक आजही हा आकडा सांगते. चांगल्या सिमेंटचा थर याहूनही पातळ, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉनपर्यंत दाबला गेला पाहिजे, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची अपेक्षा असते.

आता दुसरी बाजू पाहा. तोंडातला जंतू साधारण १ मायक्रॉनचा. म्हणजे चांगल्या समजल्या जाणाऱ्या १२० मायक्रॉनच्या फटीत शंभराहून अधिक जंतू ओळीने उभे राहू शकतात! फट असणारच, तिच्यात भरलेले सिमेंट टिकले तर दात टिकेल, ते झिजून वाहून गेले तर जंतूंना दार उघडे. कॅपचे माप जितके अचूक, तितके लाळेला उघडे पडणारे सिमेंट कमी. म्हणून कोणतेही भारी सिमेंट ढिल्या कॅपची भरपाई करू शकत नाही.

सिमेंट सिमेंटमध्ये फरक

सर्वांत जुने म्हणजे झिंक फॉस्फेट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते वापरात आहे. झिंक ऑक्साइडची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल थंड काचेवर घोटून ते तयार करतात. काच थंड अशासाठी, की घोटताना उष्णता निघते आणि सिमेंट लवकर आवळते. हे दाताला रासायनिक रीतीने चिकटत नाही. खडबडीत पृष्ठभागात अडकून धरते, एवढेच. सुरुवातीला ते बरेच आम्ल असल्याने नस जिवंत असलेल्या दातात काही काळ कळ येऊ शकते. तरीही नीट मापाच्या कॅपखाली या सिमेंटने वर्षानुवर्षे काम दिले आहे, हे नाकारता येणार नाही.

१९६८ साली इंग्लंडमध्ये डेनिस स्मिथ यांनी पॉलिकार्बोक्सिलेट सिमेंट काढले. दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक जोड करणारे हे पहिले सिमेंट. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, लंडनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ग्लास आयोनोमर तयार केले. विशिष्ट काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल यांचे हे सिमेंट दाताला स्वतःहून चिकटते आणि त्यातून फ्लोराइडही पाझरते. किंमत आवाक्यातली असल्याने आपल्याकडे ते सर्रास वापरतात. मात्र त्याचा एक नाजूक काळ असतो. आवळत असताना लाळ लागली तर कडेचे सिमेंट कमकुवत होऊन झिजते. पुढे त्यात रेझिन मिसळून सुधारित प्रकार आला, तो पाण्याला अधिक दाद देत नाही.

चौथा प्रकार रेझिन सिमेंटचा. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिले, की एनॅमलला फॉस्फोरिक आम्ल लावून ते धुतले तर त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि त्यांत प्लॅस्टिकसारखा पदार्थ घट्ट पकडतो. त्या पायावर हे सिमेंट उभे आहे. ते लाळेत जवळजवळ विरघळत नाही आणि पकडही सर्वांत मजबूत. पण ते महाग आहे, त्याला पायऱ्या अधिक आहेत आणि दात पूर्ण कोरडा लागतो. हिरडीतून रक्त येत असेल किंवा लाळ शिरली तर सगळी पकड वाया जाते.

येथे आपल्या स्वयंपाकघराशी संबंधित एक गोष्ट सांगतो. दात दुखला की आपण लवंग धरतो. त्याच लवंगेच्या तेलातील युजेनॉल वापरून तात्पुरते सिमेंट बनवतात. पक्की कॅप येईपर्यंतची तात्पुरती कॅप त्याने बसवतात. पण या युजेनॉलचा अंश दातावर राहिला तर रेझिन सिमेंट नीट आवळत नाही. म्हणून पुढे रेझिन वापरायचे असेल तर डॉक्टर युजेनॉल नसलेले तात्पुरते सिमेंट घेतात किंवा दात काळजीपूर्वक साफ करतात.

प्रयोगशाळेतील परीक्षा

कोणते सिमेंट किती गळते, हे शास्त्रज्ञ कसे पाहतात? काढून टाकलेल्या खऱ्या दातांवर कॅप बसवतात. मग ते दात ५ अंश आणि ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात आलटून पालटून शेकडो, हजारो वेळा बुडवतात. गारेगार आणि लगोलग कडक चहा, असाच हा प्रकार! उष्णतेने दात, कॅप आणि सिमेंट कमीअधिक फुगतात, आकसतात आणि सांधा हलतो. नंतर दात रंगाच्या द्रावणात ठेवून मधोमध कापतात आणि रंग कडेतून किती आत शिरला ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

अशा परीक्षांत सर्वसाधारणपणे झिंक फॉस्फेटखाली रंग अधिक शिरतो, ग्लास आयोनोमरखाली कमी आणि नीट वापरलेल्या रेझिन सिमेंटखाली सर्वांत कमी. कॅपची कड एनॅमलवर असली तर सांधा अधिक पक्का ठरतो, मुळाकडच्या डेंटिनवर असली तर कच्चा. मात्र प्रयोगशाळा म्हणजे तोंड नव्हे. तेथे रोज भाकरी चावली जात नाही आणि हिरडीतून रक्तही येत नाही. शिवाय यांपैकी कोणतेही सिमेंट फट शंभर टक्के बंद करते, असा दावा करता येत नाही. आपण फट लहान ठेवू शकतो, सिमेंट योग्य निवडू शकतो आणि कड स्वच्छ ठेवू शकतो.

सिरॅमिक पाहून सिमेंट

"झिरकोनियाची कॅप, इतक्या वर्षांची वॉरंटी" असे कार्ड हल्ली पुष्कळांच्या हाती पडते. सिरॅमिक म्हणजे सगळे एकच, असे मात्र नाही. काही सिरॅमिकमध्ये काचेचा अंश असतो. ती दिसायला दातासारखी, पण त्यांतली काही ठिसूळ. अशा कॅपची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करतात, त्यावर सायलेन नावाचे द्रव्य लावतात आणि रेझिन सिमेंटने तिला दाताशी एकजीव करतात. त्यामुळे कॅपलाही बळ मिळते. हे आम्ल अतिशय घातक असून ते तज्ज्ञ हातांतच राहिले पाहिजे.

झिरकोनियात काच नसते, म्हणून त्या आम्लाचा तिच्यावर तसा परिणाम होत नाही. तिच्या आतल्या बाजूवर बारीक कणांचा फवारा मारून एमडीपी नावाचा घटक असलेले रेझिन वापरतात. झिरकोनिया मुळातच मजबूत असल्याने दात पुरेसा उंच असेल तर ग्लास आयोनोमरनेही ती बसवता येते. दात आखूड असेल तर मात्र रेझिनची पकड हवी. कॅप तोंडात बसवून पाहताना तिला लागलेली लाळ साफ न करताच सिमेंट भरले, तर ही पकड कमी होते.

वॉरंटीच्या कार्डाकडे मी कारकुनाच्या नजरेने पाहिले. सामान्यतः ती वॉरंटी कॅप तुटण्याफुटण्याची असते, तिच्याखालच्या दाताची नव्हे. आक्काचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला शाबूत कॅप आणि खर्चाच्या बाजूला दात, असाच ताळेबंद निघाला.

या खुणा ओळखा

कॅप बसवलेल्या प्रत्येकाने काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. कॅपच्या कडेला वारंवार अन्न अडकणे, त्या जागी घाण वास किंवा कडवट चव येणे, चावताना कॅप किंचित हलल्यासारखी वाटणे, तिच्याभोवतीची हिरडी सुजणे व रक्त येणे, नस जिवंत असलेल्या दातात थंड किंवा गोड लागणे, या धोक्याच्या सूचना आहेत. धातूवर सिरॅमिक असलेल्या कॅपच्या कडेला दिसणारी काळी रेघ ही कीडच असते असे नाही, पुष्कळदा ती धातूची कड असते. पण ती कोणती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

कॅप निघालीच तर ती टाकू नका. धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि एकदोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. त्या बाजूने चावू नका. तशीच दातावर दाबून झोपू नका, झोपेत गिळली जाण्याची किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आणि घरातली कोणतीही नळी, डिंक, सोल्युशन वापरून ती चिकटवू नका. तो पदार्थ तोंडासाठी नसतो, त्याचा जाड थर कॅपला जागेवर बसू देत नाही आणि लाळ व जंतू आतच कोंडले जातात. आक्काच्या मुलाने आईची सोय पाहिली, त्याचा हेतू चांगला होता. पण त्या पंधरा दिवसांत आम्ही डॉक्टरांचे दार गाठू शकलो असतो, ते राहून गेले.

नवी कॅप बसवताना डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला संकोच करू नका. कॅप कशाची आहे? कोणते सिमेंट वापरणार आणि का? कडा नीट बसल्या का, ते सिमेंट लावण्याआधी पाहिले का? हिरडीत शिरलेले जादा सिमेंट काढले का? हे जादा सिमेंट आत राहिले तर हिरडी सुजते. पैसे आपले, दात आपला. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट त्यांना बरे वाटते. खर्च झेपत नसेल तर शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होते. करमाळ्याहून ती दूर पडतात हे खरे, पण त्या गावी नातेवाईक असतील तर चौकशी करायला हरकत नाही.

कॅप बसवल्यावर पहिला दिवस मऊ खावे. रोज रात्री ब्रश कॅप आणि हिरडी यांच्या सांध्यावर हळुवार फिरवावा, दोन दातांच्या फटीतून फ्लॉसचा दोरा फिरवावा. वर्षातून किमान एकदा दाखवून यावे, दुखत नसले तरी. आणि माताभगिनींना एक हात जोडून सांगणे. मशेरी सोडा. तंबाखूने हिरड्या खराब होऊन खाली सरकतात, कॅपखालचे मूळ उघडे पडते आणि नेमका तो मऊ भाग किडीच्या तोंडी जातो. मुखाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

आक्काची ती दाढ काढावी लागली. "वरची दाढ काढली तर नजर जाती म्हणतात," असे म्हणून ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. बाईंनी तिला समजावले, की डोळ्याने पाहण्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी, दात काढल्याने कुणाची दृष्टी जात नाही. दाढ निघाली. घरी आल्यावर तिने भिंतीवरचे कॅलेंडर लांबून वाचून दाखवले आणि आम्ही सगळे हसलो.

तिला दुसऱ्या बाजूला अशीच एक कॅप आहे. बाईंनी तिचीही कड तपासली. एका ठिकाणी सिमेंट झिजले होते, पण दात अजून चांगला होता. ती कॅप काढून, दात साफ करून, नव्या सिमेंटने पुन्हा बसवली. एक दाढ गेली, पण तिच्यामुळे दुसरी वाचली. आता आक्का शाळेतल्या बायकांना रोज विचारते, "तुमच्या टोपीची कड कवा दाखवली व्हती?"

वाचकहो, आज रात्री दात घासताना हा प्रश्न आपणही स्वतःला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावा. कॅपची चकाकी आरशात दिसते. दात राखतो तो तिच्या कडेचा सांधा, आणि तो पाहायला डॉक्टरांचे भिंग लागते.